पॅटर्न जुळला, पण अट जुळली का?

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "कंपायलरमध्ये पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?" आज त्या पुस्तकाबद्दल बोलू. कौतुकही करू आणि तक्रारही. पण आधी हे एक छोटं उदाहरण सोडवा.

सी भाषेत (क्ष * २) / २ असं लिहिलंय. त्या जागी नुसतं क्ष ठेवलं तर चालेल?

शाळेतलं बीजगणित म्हणतं, चालेल. आता क्ष हा ३२ बिटांचा अनसाइन्ड पूर्णांक धरा आणि त्याची किंमत २१४७४८३६४८ ठेवा. दोनने गुणल्यावर ३२ बिटांत शून्य उरतं. शून्याला दोनने भागलं तरी शून्यच. म्हणजे उत्तर बदललं. आणि क्ष साइन्ड असेल तर? मग हाच बदल कंपायलरला करता येतो, कारण साइन्ड ओव्हरफ्लो झाल्यावर काय व्हावं याचं बंधन सी भाषेच्या मानकाने घातलेलंच नाही. पॅटर्न दोन्हीकडे तोच आहे. फरक पडतो तो अटीमुळे.

हे मला पुस्तकाआधी फजितीने शिकवलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी 'डावीकडचं दिसलं की उजवीकडचं टाक' अशा नियमांची यादी करत बसलो होतो. त्यात एक नियम होता: क्ष / २ दिसलं की भागाकाराऐवजी बिट्स एक घर उजवीकडे सरकव. माझ्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. गाईडनी फक्त −७ घालून बघायला सांगितलं. सी मधल्या भागाकाराचं उत्तर −३ आलं, सरकवल्यावर −४. त्यांनी एवढंच विचारलं, "हा नियम कधी खरा असतो, ते कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलं नव्हतं. सहा महिन्यांचं काम त्या एका प्रश्नापुढे उभं राहिलं नाही.

आता पुस्तक. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं 'डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस: थिअरी अँड प्रॅक्टिस', प्रकाशन २००९. आयआयटी मुंबईत वाढलेल्या परंपरेचं हे पुस्तक आहे. त्याचे तीन भाग आहेत: एका फंक्शनच्या आतलं विश्लेषण, अनेक फंक्शन्समधून जाणारं विश्लेषण, आणि हे सगळं जीसीसी कंपायलरमध्ये प्रत्यक्ष कसं उतरवायचं.

त्याची मोठी ताकद अशी की ते अटीपासून सुरू होतं. पार्शल रिडंडन्सीचंच बघा. प्रोग्राममध्ये दोन वाटा एकत्र येतात. एका वाटेवर अ + ब आधीच काढलेलं आहे, दुसऱ्या वाटेवर नाही, आणि पुढे ते पुन्हा काढलंय. नुसता पॅटर्न बघणाऱ्याला 'दोनदा आलंय' एवढंच दिसतं. पुसता तर येत नाही. मग दुसऱ्या वाटेवरही ते काढून ठेवायचं आणि पुढचं पुसायचं. पण हे कुठेही करून चालत नाही. ज्या वाटेने गेल्यावर ते एक्स्प्रेशन पुढे लागणारच नव्हतं, तिथे ते घालायचं नाही. अ + ब च्या जागी अ / ब ठेवा आणि ब शून्य धरा, कारण लगेच कळेल. जो प्रोग्राम नीट चालला असता, तो तुम्ही 'सुधारून' पाडलात.

ही कल्पना मोरेल आणि रेनव्हॉइस यांनी १९७९ मध्ये मांडली. त्यांची समीकरणं दोन्ही दिशांनी माहिती वाहणारी, म्हणून डोक्याला ताप देणारी. आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांनी १९९१ च्या पेपरात ती पद्धत व्यवहारात आणण्याजोगी केली. ब्लॉकमध्ये सोयीची जागा नसेल तर दोन ब्लॉकना जोडणाऱ्या रेषेवर गणित ठेवा, ही युक्ती त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आहे. १९९४ मध्ये खेडकर आणि ढमढेरे यांनी अशा दुहेरी प्रवाहांचा सामान्य सिद्धांत मांडला. म्हणजे आपण आयतं पाठ करतो त्या विषयाचा एक मोठा तुकडा इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर घडलाय. वारणानगरात बसून वाचताना हे माहीत असलेलं बरं.

आता तक्रार. पुस्तकाच्या नावातच अ‍ॅनालिसिस आहे, म्हणून भर 'या बिंदूवर काय खरं आहे' यावर आहे. 'मग कोड बदलायचा कसा' हा धागा त्या मानाने बारीक राहतो. दुसरं असं की अभिजात बिट-व्हेक्टर विश्लेषण एक्स्प्रेशनला त्याच्या लिखाणावरून ओळखतं, आत डोकावत नाही. त्याच्या लेखी अ + ब आणि ब + अ वेगळे. त्यामुळे माझी −७ ची चूक या भागाने पकडली नसती. तिसरं, जीसीसीचा भाग त्या काळचा आहे. पुढे जीसीसी ५ पासून, म्हणजे २०१५ पासून, असे बरेच नियम 'मॅच डॉट पीडी' नावाच्या एका फाइलमध्ये पॅटर्नच्या रूपात लिहिले जाऊ लागले. हा पुस्तकाचा दोष नाही, पण ती उणीव तुम्हालाच भरून काढावी लागेल.

ती भरायला अलाइव्ह हा २०१५ चा पेपर सोबत घ्या. लोपेस, मेनेंडेझ, नागरकट्टे आणि रेगेर यांचा. यात प्रत्येक नियम त्याच्या अटीसकट लिहायचा आणि तो खरा की खोटा हे सॉल्व्हरकडून तपासून घ्यायचं. एलएलव्हीएममधले तीनशेहून जास्त नियम त्यांनी असे लिहून काढले, तर आठ चुकीचे निघाले. जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरमध्ये! पण अलाइव्ह सरळ रेषेतला कोड बघतो, फाटे आणि लूप त्याच्या आवाक्यात नाहीत. म्हणजे पुस्तकाला वाटा कळतात, पेपरला किंमती कळतात. 'या वाटेने आलो तर क्ष कधीच ऋण नसतो, म्हणून इथे सरकवणं चालेल' हे म्हणायला दोन्ही लागतात. तुमचा संशोधनप्रश्न शोधायचा तर या सांध्यात शोधा.

म्हणून माझा सल्ला: पुस्तक घ्याच, पण नुसतं वाचू नका. बिट-व्हेक्टरचं प्रकरण कागदावर हाताने सोडवा. मग 'मॅच डॉट पीडी' मधला एकच नियम निवडा, त्याची अट झाका, ती स्वतः लिहा आणि मग स्वतःचीच अट मोडणारा आकडा शोधा. शून्य, −१ आणि सगळ्यात लहान ऋण संख्या, या तिघांपासून सुरुवात करा. बहुतेक वेळा चौथ्याची गरज पडत नाही.