अभिषेक आणि ऐक्य : मार ज्युलियस आल्व्हारिस यांच्या बिशपपदाची चिकित्सा

प्रस्तावना

ख्रिस्ती परंपरेत बिशपचा अभिषेक हा केवळ पदग्रहणाचा समारंभ नसतो. अभिषेक करणाऱ्या बिशपांच्या हस्तस्पर्शातून प्रेषितांपासून चालत आलेला अधिकार नव्या बिशपकडे येतो, अशी श्रद्धा त्यामागे असते. इ. स. ३२५ च्या निसिया धर्मपरिषदेने अभिषेकासाठी किमान तीन बिशपांची उपस्थिती आणि अनुपस्थित बिशपांची लेखी संमती आवश्यक ठरवली. एखाद्याच्या एकट्याच्या मर्जीने बिशप घडू नये, त्यात शेजारच्या ख्रिस्तसभांचा होकार असावा, हा त्यामागील हेतू होता. तत्त्वतः अभिषेक हा ऐक्याचा विधी ठरतो. प्रत्यक्ष इतिहासात मात्र अनेकदा याच विधीतून दुभंग जन्मास आला.

या विरोधाभासाचे एक बोलके उदाहरण गोव्याच्या इतिहासात आढळते. सासष्टीतील वेर्णा गावचे कॅथलिक धर्मगुरू आंतोनियो फ्रांसिस्को झेवियर आल्व्हारिस (१८३६-१९२३) यांचा २९ जुलै १८८९ रोजी केरळमधील कोट्टायम येथे ऑर्थोडॉक्स बिशप म्हणून अभिषेक झाला आणि ते 'मार ज्युलियस' झाले. त्यांच्याकडे आजवर फुटीर, संत आणि राष्ट्रवादी अशा तीन दृष्टींनी पाहिले गेले. या तिन्ही भूमिका तपासून अभिषेक व ऐक्य यांतील नेमके नाते शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कराराने घडवलेले ऐक्य

आल्व्हारिस यांच्या बंडाचे मूळ 'पाद्रोआदो' या व्यवस्थेत आहे. पूर्वेकडील चर्चच्या पालनपोषणाची जबाबदारी आणि त्याबदली बिशप सुचविण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. पुढे १६२२ मध्ये रोमने 'प्रोपगांडा फिदे' ही स्वतःची धर्मप्रसार यंत्रणा उभारली. या दोन सत्तांच्या संघर्षाची झळ मुंबईलाही बसली. तेथे १७९४ पासून काही चर्च एका अधिकाराखाली तर काही दुसऱ्या अधिकाराखाली राहिली आणि हे दुहेरी अधिकारक्षेत्र १९२८ पर्यंत टिकले.

२३ जून १८८६ रोजी पोप तेरावे लिओ व पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपांना 'पूर्व भारताचे पॅट्रिआर्क' ही पदवी मिळाली, परंतु श्रीलंकेसह अनेक ठिकाणची पाद्रोआदोची चर्च प्रोपगांडाच्या अधिकाराखाली गेली. श्रीलंकेत डच राजवटीच्या छळकाळात, १६८७ पासून, गोव्याचे फादर जोसेफ वाझ यांनी कॅथलिक श्रद्धा जगवली होती. त्या भूमीवरील गोवेकर धर्मगुरूंचा वारसा एका करारपत्राने संपुष्टात आला. हे सर्व ऐक्याच्या नावाने घडले. मात्र ज्यांचे ऐक्य साधायचे होते त्या भाविकांना व स्थानिक धर्मगुरूंना कोणी विचारले नाही. आल्व्हारिस यांचा असंतोष या न विचारण्यातून उद्भवला.

कोट्टायमचा मार्ग

रोमपासून दुरावलेले आल्व्हारिस केरळमधील मलंकरा सिरियन चर्चकडे वळले. या वळणातील उपरोध दुर्लक्षिता येणार नाही. १५९९ मध्ये गोव्याचेच आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूरच्या धर्मसभेत संत थॉमस ख्रिस्ती समाजावर लॅटिन शिस्त लादली होती. त्या वर्चस्वाविरुद्ध १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे प्रसिद्ध 'कूनन क्रूस' शपथ घेतली गेली. शपथेनंतर बारा धर्मगुरूंनी आर्चडीकन थॉमस यांच्या मस्तकी हात ठेवून त्यांना बिशप मानले. बिशपाविना झालेला हा अभिषेक ग्राह्य कसा, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि १६६५ मध्ये आलेल्या मार ग्रेगोरियोस या सिरियन बिशपांमुळे अँटिओकशी संबंध जुळला. ज्या गोव्याने ऐक्य लादले, त्याच गोव्याचा एक धर्मगुरू पाद्रोआदोच्या कैवारातून निघून २९० वर्षांनी त्या ऐक्याला नकार देणाऱ्यांच्या वारसांकडे अभिषेक मागण्यास गेला.

अभिषेकाचा काळही लक्षणीय आहे. सुधारणावादी मार थॉमस अथानासियस आणि मार जोसेफ दिओनिसियस यांच्यातील दीर्घ वादाचा निकाल त्रावणकोरच्या सर्वोच्च न्यायपीठाने १२ जुलै १८८९ रोजी बहुमताने दिओनिसियस यांच्या बाजूने दिला. अँटिओकच्या पॅट्रिआर्ककडून वा त्यांच्या प्रतिनिधीकडून झालेला अभिषेक हा त्या निकालातील कळीचा मुद्दा होता. त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी त्याच दिओनिसियस यांनी, परुमल येथील गीवर्गीस मार ग्रेगोरियोस व अन्य बिशपांसह, आल्व्हारिस यांचा अभिषेक केला. तीन बिशपांची अट पूर्ण झाली, परंपरेची साखळी सिद्ध झाली. परंतु नव्या बिशपांचे कार्यक्षेत्र होते गोवा, भारत व श्रीलंका. आणि तेथील बहुसंख्य कॅथलिकांनी हा बिशप मागितला नव्हता.

तीन भूमिकांची मर्यादा

कॅथलिक अधिकाऱ्यांनी आल्व्हारिस यांना बहिष्कृत केले. रोमच्या आज्ञेबाहेर गेलेला तो फुटीर, ही भूमिका धर्मविधीच्या चौकटीत सुसंगत असली तरी अपुरी आहे. कारण भंगलेले ऐक्य दोन सत्तांच्या वाटाघाटीतून निर्माण झाले होते, हे ती विसरते.

मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना २०१५ मध्ये संतपद दिले. या भूमिकेत त्यांचा प्रवास सत्यश्रद्धेकडे झालेली वाटचाल म्हणून रंगवला जातो. परंतु आल्व्हारिस यांनी आपल्या अनुयायांत लॅटिन उपासनापद्धतीच चालू ठेवली. त्यांना श्रद्धा बदलण्यापेक्षा अधिकाराचा दुसरा स्रोत हवा होता, असे अनुमान काढण्यास येथे जागा आहे.

राष्ट्रवादी भूमिका त्यांना वसाहतवादाविरुद्धचा आवाज ठरवते. 'ओ ब्राडो इंडियानो' या पत्रातील त्यांची शासनावरील टीका, त्यांना झालेली अटक आणि बिशपची वस्त्रे उतरवून झालेला अपमान ही त्या भूमिकेची बलस्थाने होत. मात्र त्यांच्या लढ्याचा आरंभ पोर्तुगीज राजाच्या धार्मिक विशेषाधिकाराच्या रक्षणातून झाला, ही गैरसोयीची बाब ती बाजूला सारते.

कोलंबोची कसोटी

२९ मे १८९२ रोजी कोलंबो येथे मार ज्युलियस यांनी, पॅट्रिआर्कच्या अनुज्ञेने, मूळचे फ्रेंच व अमेरिकेत कार्य करणारे रेने व्हिलात यांचा 'मार तिमोथिओस' म्हणून अभिषेक केला. व्हिलात यांनी पुढे स्वतंत्रपणे अनेकांना बिशप केले आणि त्यातून कोणत्याही मोठ्या समाजाशी न बांधलेल्या बिशपांची लांबलचक मालिका सुरू झाली. स्वतः व्हिलात १९२५ मध्ये रोमकडे परतले. १९३८ मध्ये सिरियन पॅट्रिआर्केटने या परंपरेशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. हस्तस्पर्शाची साखळी अखंड असूनही तिच्यातून ऐक्य निर्माण झाले नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा आवश्यक नाही.

मलंकरा चर्चही या पेचातून सुटले नाही. १९१२ मध्ये पॅट्रिआर्क अब्दुल मसिह यांच्या सहभागाने कॅथोलिकोसपद स्थापन झाले, तेव्हा ऑटोमन सत्तेने पदच्युत केलेल्या या पॅट्रिआर्कला तसा अधिकार होता काय, यावर तट पडले. १९५८ चा समेट दोन दशकेही टिकला नाही. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मलंकरा चर्चचा कारभार १९३४ च्या घटनेनुसार चालावा असा निर्णय दिला. तरीही २५ मार्च २०२५ रोजी लेबनॉनमध्ये पॅट्रिआर्क दुसरे इग्नेशियस अफ्रेम यांनी जॅकोबाइट पक्षासाठी बासेलियोस जोसेफ यांचा कॅथोलिकोस म्हणून अभिषेक केला व ऑर्थोडॉक्स पक्षाने त्यास विरोध दर्शवला. न्यायालय मालकी व प्रशासन ठरवू शकते. मनांचा स्वीकार त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की अभिषेक हा मागील पिढ्यांशी असलेले सातत्य सिद्ध करतो, समकालीनांशी असलेले ऐक्य नव्हे. त्या ऐक्याला लोकांचा स्वीकार लागतो. १८८६ च्या करारात तो नव्हता आणि १८८९ च्या अभिषेकातही तो अल्पच होता. ज्या दोषाविरुद्ध आल्व्हारिस उभे राहिले, तोच दोष त्यांच्या उत्तरातही काही अंशी उतरला, ही या घटनेची शोकात्म बाजू होय.

तथापि त्यांच्या जीवनाचे मूल्यमापन येथे थांबत नाही. उडुपीनजीक ब्रह्मावर येथे फादर रॉक झेफ्रिन नोरोन्हा यांच्या सहकार्याने कोकणी भाषक ऑर्थोडॉक्स समाज रुजला आणि तो आजही आहे. पणजीत आल्व्हारिस यांनी निराधारांची सेवा केली, पटकीच्या उपचारावर पुस्तिका लिहिली. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे अवशेष आज तेथील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. बिशप म्हणून गोव्याने त्यांना नाकारले, परंतु गरिबांचा पाद्री म्हणून त्यांना आपले मानले. ऐक्याचा विचार करणाऱ्या सर्वच पक्षांनी या दुसऱ्या स्वीकाराचा अधिक गांभीर्याने अभ्यास करणे अगत्याचे आहे.