गट्सचा सूड आणि दीघावूचे खड्ग

केन्तारो मिउरा यांनी १९८९ साली आरंभिलेल्या 'बर्सर्क' या जपानी चित्रकथेत ग्रिफिथ हा सेनानायक आसुरी सामर्थ्यासाठी आपल्याच सैनिकांचा बळी देतो. त्या संहारातून कथानायक गट्स आणि त्याची प्रेयसी कास्का वाचतात. कास्काचे भान मात्र हरपते. गट्सचा सूड समर्थनीय आहे काय?

त्याचा क्रोध अकारण नाही. पीडिताला शांतीचा उपदेश करून पीडकाला मोकळे सोडणे हा धम्म नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हत्येची इच्छा आणि हत्येची आवश्यकता यांत भेद केला आहे. गट्स असहाय कास्काला मागे ठेवून दोन वर्षे सूडासाठी भटकतो आणि ती नाहीशी होते. येथे आवश्यकता सरून केवळ इच्छा उरते.

विनयपिटकाच्या महावग्गातील दीघावूकुमार मातापित्यांचा वध करविणाऱ्या ब्रह्मदत्तावर खड्ग उपसतो. परंतु पित्याचे वचन स्मरून ते म्यान करतो. ब्रह्मदत्त त्याचे राज्य परत करतो. वैर शमले आणि न्यायही झाला.

ग्रिफिथला असा पश्चात्ताप नाही. म्हणून त्याला रोखणे न्याय्यच आहे. मात्र ते जिवंतांच्या रक्षणार्थ असावे. सूडासाठी जिवंतांनाच विसरणे समर्थनीय नाही.