पक्षाघातानंतरची सुधारणा आणि जनुकीय घटक : एक चिकित्सा

प्रस्तावना : पक्षाघातात सारखीच इजा झालेल्या दोन रुग्णांपैकी एक काही महिन्यांत चालू लागतो, तर दुसरा अंथरुणाला खिळून राहतो. या तफावतीचे कारण जनुकांत शोधणाऱ्या संशोधनाची भारतीय संदर्भातील चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संशोधनाचे स्वरूप : 'बीडीएनएफ' हे प्रथिन चेतापेशींच्या नव्या जोडण्यांस साहाय्य करते. त्याच्या ६६ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आल्यास त्याचे स्रवण घटते. तथापि, अशा रुग्णांची सुधारणा मंदावते काय, याविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २०१९ च्या 'गिस्कोम' अभ्यासात सहा हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. परंतु ते प्रामुख्याने युरोपीय वंशाचे होते. त्याच वर्षी, 'सीसीआर-५' जनुकात 'डेल्टा-३२' हा बदल असलेल्या इस्रायलमधील रुग्णांत अधिक चांगली सुधारणा आढळली. भारतीयांत हा बदल अत्यंत विरळ आहे.

मर्यादा : 'जिनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. मात्र हे जनुकसंच निरोगी व्यक्तींचे असल्याने पक्षाघातानंतरच्या सुधारणेवर त्यांतून थेट प्रकाश पडत नाही. त्याहून गंभीर प्रश्न उपचारांचा आहे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या कोकणा किंवा वारली रुग्णास ही मुदत गाठणे नाशिक शहरातील रुग्णापेक्षा कितीतरी कठीण असते. जेथे समाजगट व उपचारांची उपलब्धता यांची विभागणी एकाच रेषेने झाली आहे, तेथे वंचनेचा परिणाम जनुकांच्या नावे नोंदला जाण्याचा धोका संभवतो. मग 'याच्या जनुकांतच सुधारणा नाही' हे विधान जुन्या दैववादाचेच नवे रूप ठरेल आणि व्यायामोपचार नाकारण्यास निमित्त मिळेल.

जनुकीय संशोधनाचे खरे मोल अन्यत्र आहे. 'सीसीआर-५' ग्राहक रोखणारे 'मॅराविरॉक' हे एचआयव्हीवरील औषध पूर्वीच उपलब्ध होते. पक्षाघाताच्या रुग्णांत त्याची चाचणी हाती घेण्यात आली. ते उपयुक्त ठरल्यास 'डेल्टा-३२' नसलेल्यांनाही त्याचा लाभ मिळेल. जनुक येथे रुग्णांची प्रतवारी करीत नाही. सर्वांसाठी उपचाराची दिशा दाखविते.

निष्कर्ष : १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातील वैद्यकीय व भौतिकोपचार महाविद्यालये संलग्न आहेत. उपचारास लागलेला वेळ, व्यायामोपचाराचे प्रमाण व तीन महिन्यांनंतरची स्थिती यांच्या एकसमान नोंदी या महाविद्यालयांतून ठेवल्या गेल्यास जनुकीय अभ्यासास भक्कम पाया लाभेल. अशा नोंदींअभावी काढलेला जनुकीय निष्कर्ष अपुराच राहील.