एलिस बेटावरील अ‍ॅनी मूर : नामसाम्य व पुरावा

न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर परदेशांतून वस्तीस येणाऱ्या लोकांच्या तपासणीचें नवें ठाणें १ जानेवारी १८९२ रोजीं उघडलें, आणि त्या दिवशीं तेथील वहींत सर्वांत प्रथम जिचें नांव चढलें ती आयर्लंडांतील कॉर्क येथील अ‍ॅनी मूर ही मुलगी होय. येथवर वाद नाहीं. ती 'नेव्हाडा' नांवाच्या आगबोटीनें २० डिसेंबर १८९१ रोजीं क्वीन्सटाउन बंदरांतून, म्हणजे हल्लींच्या कोव्ह येथून, निघाली. बरोबर अँथनी व फिलिप हे दोन धाकटे भाऊ होते; आईबाप पूर्वींच न्यूयॉर्कांत येऊन राहिले होते. ठाण्याचे मुख्य अधिकारी कर्नल वेबर यांनीं तिला दहा डॉलरांचें सोन्याचें नाणें दिलें. वाद आहे तो यापुढील. नाणें घेऊन बेटावरून उतरलेली ही मुलगी गेली कोठें, व तिचें पुढें काय झालें? या प्रश्नाचें एक उत्तर कित्येक वर्षें सर्वमान्य होतें. तें साफ चुकीचें होतें. आणि तें चुकीचें असल्याचें दाखविणारा कागद त्या सर्व काळांत दफ्तरांत जागच्या जागीं होता. प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा तो मुख्यतः या चुकीचा. परदेशीं गेलेल्या आयरिश पूर्वजाचा माग काढूं पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेंत हाच खळगा आहे.

सर्वमान्य झालेली कथा अशी. अ‍ॅनी आपल्या माणसांबरोबर पश्चिमेकडे गेली. टेक्सस प्रांतांत स्थायिक झाली. आयर्लंडचा सुप्रसिद्ध पुढारी डॅनियल ओकॉनेल याच्या कुळांतील गृहस्थाशीं तिचा विवाह झाला. आणि १९२३ सालीं फोर्टवर्थजवळ ट्रॅमगाडीखालीं सांपडून ती मरण पावली. ही हकीकत टेक्ससमधील एका घराण्यांत परंपरेनें सांगितली जात होती. घरांतून ती समारंभांत आली, समारंभांतून छापील पुस्तकांत शिरली, आणि एकदां छापली गेल्यावर पुढील लेखकांनीं ती एकमेकांवरून उतरून घेतली. १९९३ सालीं जीन राइनहार्ट यांनीं घडविलेले अ‍ॅनीचे पुतळे कोव्ह येथें व एलिस बेटावर उभे राहिले, त्या वेळींहि लोकांच्या मनांत तिची हीच कथा होती. तींत पश्चिमेकडील प्रवास आहे, थोर कुळाशीं सोयरीक आहे, शेवटीं अपघाती मृत्यु आहे. बखरकारास याहून अधिक काय पाहिजे?

टेक्ससच्या त्या घराण्यानें लबाडी केली असें कांहीं टीकाकार सुचवितात. तें मला मान्य नाहीं. घरांतल्या आजीचें नांव अ‍ॅनी मूर होतें. वर्तमानपत्रांत अ‍ॅनी मूर हें नांव गाजलेलें होतें. दोन्ही एकत्र येण्यास कोणाच्या कपटाची गरज नव्हती. दोष आहे तो ज्यांनीं ती कथा तपासल्यावांचून स्वीकारली त्यांचा. त्यांच्या अनुमानाचा सांगाडा मांडून पाहिला म्हणजे तो दोष उघड होतो. टेक्ससमधील ही बाई हा पक्ष. एलिस बेटावरील प्रथम प्रवासी असणें हें साध्य. आणि हेतु कोणता, तर अ‍ॅनी मूर हें नांव. हा हेतु अनैकांतिक आहे. तो साध्य असेल तेथें आढळतो, तसाच नसेल तेथेंहि आढळतो. हा पर्वत उंच आहे म्हणून त्यावर अग्नि आहे, असें कोणी म्हटलें तर तर्कशास्त्राचा नवशिका विद्यार्थीहि हंसेल. परंतु 'तेंच नांव, म्हणून तीच बाई' हें वाक्य ऐकून मोठमोठे विद्वान् मान डोलवितात. त्यांतून आयरिश कॅथोलिक घरांत मुलींचीं नांवें थोडीं, मेरी, ब्रिजेट, कॅथरिन, अ‍ॅन हींच फिरून फिरून येणारीं. आणि मूर हें आडनांवहि मुळींच विरळ नव्हे.

ही चूक उघडकीस आणली ती मेगन स्मोलेन्याक या अमेरिकन वंशावळी-संशोधक बाईंनीं. परदेशांतून आलेल्या लोकांविषयींच्या एका बोलपटाच्या कामासाठीं त्या टेक्ससच्या बाईचे कागद पाहत असतां त्यांस आढळलें कीं, तिचें जन्मस्थान आयर्लंड नव्हे, तर अमेरिकेंतीलच इलिनॉय प्रांत असें लिहिलेलें आहे. जी इलिनॉयांत जन्मली तिला कॉर्कहून बोटींत बसून येण्याचें कारण नव्हतें. खरें म्हणजे येथेंच प्रकरण मिटलें. ज्यांस हा कागद पूर्वीं पाहतां आला असता त्यांनीं तो पाहिला नाहीं, यापरतें त्यांत गूढ कांहीं नाहीं.

खंडन झालें, मंडन राहिलें, व तेंच कठीण. खरी अ‍ॅनी कोण हें शोधण्यासाठीं स्मोलेन्याकबाईंनीं २००६ सालीं एक हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. इतिहासाच्या कामीं बक्षीस लावणें मला प्रथम रुचलें नव्हतें. पैशानें मत विकत घेतां येतें, अशी शंका मनांत आली. परंतु येथें पैसा होता तो कागदासाठीं, आणि कागद पुढें आला म्हणजे तो कोणीहि तपासावा. तो पुढें आला थोड्याच आठवड्यांत. न्यूयॉर्क शहराचे दफ्तर-आयुक्त ब्रायन अँडरसन यांस धाकट्या भावाचे, फिलिप मूर याचे, अमेरिकन नागरिकत्वाचे कागद मिळाले. त्यांवरून फिलिपचें घर व पुढील पिढी हातीं लागली, आणि त्या धाग्यानें बहीण सांपडली. सप्टेंबर १८९२ नव्हे, सप्टेंबर २००६ मध्यें तिची खरी हकीकत लोकांपुढें आली, इतका हा विलंब.

बहिणीचा शोध भावाच्या कागदांतून लागावा, ही गोष्ट क्षणभर थांबून पाहण्याजोगी आहे. स्त्रीचें आडनांव लग्नाबरोबर बदलतें व तिच्या मागच्या खुणा पुसल्या जातात. अमेरिकेंत तर १९२२च्या कायद्यापर्यंत विवाहित स्त्रीचें नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वाबरोबर चाले, त्यामुळें तिच्या स्वतःच्या नांवाचे असे कागद सहसा निघतच नाहींत. भाऊ मात्र मूर राहतो. म्हणून ज्यास आजीचा शोध करावयाचा असेल त्यानें आजी सोडून प्रथम तिच्या भावांमागें जावें. टेक्ससच्या कथेंत अँथनी व फिलिप यांचें काय झालें, हा प्रश्न कोणी वेळीं विचारला असता तर ती कथा तेथेंच अडखळली असती.

आयर्लंडकडील बाजू पाहूं. तेथील कागद जळाले, असें एक वाक्य सरसकट ऐकूं येतें, व तें अर्धेंच खरें आहे. डब्लिनमधील फोर कोर्ट्स येथील सरकारी दफ्तरखाना यादवी युद्धांत ३० जून १९२२ रोजीं भस्मसात् झाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांचा बहुतेक भाग त्यांत गेला. परंतु १८६१ व १८७१ या दोन खानेसुमारींचे कागद सरकारच्याच हुकुमानें पूर्वीं नष्ट झाले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा करण्यासाठीं देण्यांत आले. अ‍ॅनी ज्या दोन खानेसुमारींत सांपडावयाची त्या याच दोन. तिचा घात आगीनें केला नाहीं, कारकुनानें केला. १९०१ व १९११ चे कागद शिल्लक आहेत, पण तोंपर्यंत ती सागरापलीकडे होती.

उरतात त्या जन्माच्या नोंदी. सरकारी जन्मनोंद आयर्लंडांत १८६४ पासून सर्वांस लागू झाली. कॅथोलिक बाप्तिस्म्याच्या वह्या गांवोगांवच्या देवळांतच राहिल्यामुळें १९२२ च्या आगींतून वांचल्या. त्यांचीं छायाचित्रें तेथील राष्ट्रीय ग्रंथालयानें जुलै २०१५ मध्यें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. या वह्या पुष्कळ ठिकाणीं लॅटिनमध्यें आहेत, त्यामुळें घरांत जिला अ‍ॅनी म्हणत ती वहींत 'आन्ना' होऊन बसते. संस्कृत नाटकांतील प्राकृत नांवें व त्यांची छाया यांची संवय असलेल्या वाचकास याचें नवल वाटणार नाहीं. पण या नोंदींचें खरें मोल निराळ्याच गोष्टींत आहे. मुलाच्या आईचें माहेरचें आडनांव बहुधा तींत असतें. बापाचें नांव मॅथ्यू मूर एवढेंच हातीं असेल तर तसे अनेक. पण आईचें माहेर जुळलें म्हणजे घर जुळलें. न्यूयॉर्कच्या मृत्युपत्रकांतहि आईच्या माहेरच्या नांवाचा रकाना आहे. समुद्राच्या दोन तीरांवरील दोन कागद जोडणारा सांधा तो हा.

वयाच्या बाबतींत अधिक सावध राहिलें पाहिजे. १८९२ च्या वर्तमानपत्रांनीं लिहिलें कीं, अ‍ॅनी पंधरा वर्षांची आहे व १ जानेवारी हाच तिचा जन्मदिवस. नोंदीवरून तिचा जन्म २४ एप्रिल १८७४ चा ठरतो. म्हणजे ती सतरा वर्षांची होती व जन्मदिवस सोयीसाठीं आलेला होता. समकालीन लेख म्हणजे सत्य लेख, हें समीकरण आपल्याकडेहि पुष्कळदां गृहीत धरलें जातें. मीं स्वतः शाळेच्या दाखल-वहींत कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून अशी लिहिली आहे. पालकांस आठवत नसे, व शाळा जूनमध्यें सुरू होई. शंभर वर्षांनीं एखादा संशोधक ती वही अस्सल व समकालीन म्हणून पुढें करील, आणि त्याला दोष देतां येणार नाहीं. उलटपक्षीं, एलिस बेटावरील कारकून लोकांचीं आडनांवें मनास येईल तशीं बदलीत, ही घरोघर सांगितली जाणारी गोष्ट टिकत नाहीं. प्रवाशांच्या याद्या बोट निघतांनाच तयार होत; बेटावर त्या पडताळून पाहत. नांव बदललें असेल तर तें आधीं किंवा नंतर, बहुधा त्या माणसानें स्वतःच बदललेलें.

आतां खऱ्या अ‍ॅनीची हकीकत. ती पश्चिमेस गेलीच नाहीं. न्यूयॉर्कमधील लोअर ईस्ट साइड या दाट व गरीब वस्तींत तिनें आयुष्य काढलें. जर्मन कुळांतील जोसेफ ऑगस्टस शेयर याच्याशीं तिचा विवाह झाला. निदान अकरा मुलें झालीं; त्यांतील पांच वयांत आलीं. ६ डिसेंबर १९२४ रोजीं, पन्नासाव्या वर्षानंतर थोड्याच महिन्यांनीं, ती हृदयविकारानें वारली.

१९०० व १९१० च्या अमेरिकन खानेसुमारींत स्त्रियांकरितां दोन रकाने शेजारीं शेजारीं होते : किती मुलें झालीं, व किती हयात आहेत. पहिला आंकडा व दुसरा आंकडा यांमधील वजाबाकी पानापानावर करावी लागते. पूर्वजाचें जीवन शोधणाऱ्यानें आगबोटीच्या यादीइतकाच वेळ या दोन रकान्यांवर घालवावा. ज्या मुलाचें नांव कोणत्याच खानेसुमारींत येत नाहीं, दहा वर्षांच्या दोन मोजण्यांमध्यें जें आलें आणि गेलें, त्याची एकुलती एक खूण पुष्कळदां तेथेंच असते.

खरी हकीकत कळल्यावर ती निराशाजनक आहे, असें कांहींनीं म्हटलें. मला त्यांत हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. टेक्ससच्या कथेचा मान-सन्मान चालला होता त्या सर्व वर्षांत क्वीन्स भागांतील कॅल्व्हरी कबरस्तानांत अ‍ॅनी आपल्या कांहीं मुलांसह पुरलेली होती, व वर दगड नव्हता. आयरिश दगडाचा क्रॉस तेथें बसविला तो २००८ सालीं. तोंपर्यंत कोणास ती जागा पाहावयाची असती तर मूर हें नांव घेऊन तेथें जाण्यांत अर्थ नव्हता. शेयर या आडनांवाखालीं ती शोधावी लागली असती.