‘तुंबाड’ : कथेचा वारसा

मराठी समीक्षेने भयकथेला रंजनाच्या ओसरीवरच बसविले; माजघरात तिला क्वचितच प्रवेश मिळाला. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट या उपेक्षेचा फेरविचार करावयास लावतो. १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली, आणि तिच्यातून या चित्रपटाचे बीज रुजले, असे दिग्दर्शकाने म्हटले आहे. शीर्षक मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीचे स्मरण देते. श्रवणातून जन्मलेल्या या कृतीचा खरा विषयही कथन आणि श्रवण हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आरंभी विनायकराव आपल्या मुलाला, पांडुरंगाला, हस्तराची कथा सांगतो. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला आणि लाडका पुत्र. सोने त्याला मिळाले, अन्नापासून मात्र तो वंचित राहिला. त्याची कोठेही पूजा होऊ नये, त्याचे नाव विस्मृतीत जावे, हा त्याला मिळालेला दंड होय. ही कथा कोणत्याही पुराणातील नव्हे, ती रचलेली आहे. तरीही ती लोककथेइतकी खरी वाटते. कारण तिच्यातील निषिद्ध नामाला घरातल्या रोजच्या व्यवहारात काम आहे. शापित म्हातारीला याच नावाचा धाक घालून झोपविले जाते. मुलांना निजविण्यासाठी वडीलधाऱ्यांनी कथा सांगावी हा लोकरूढ क्रम येथे उलटा झाला आहे.

पंकज कुमार यांचे छायाचित्रण पाहताना केवळ नेत्रसुखावर थांबणे योग्य नव्हे. अखंड पाऊस, दिव्याचा मंद उजेड आणि देवीचे रक्तवर्ण, स्पंदन पावणारे गर्भगृह यांतून विस्मय, भय आणि जुगुप्सा हे तिन्ही स्थायिभाव एकाच वेळी जागृत होतात. कणकेच्या बाहुलीसारखी घरगुती वस्तू तेथे प्राणावर बेतते. आणि अद्भुताचे पाय त्यामुळेच जमिनीला टेकलेले राहतात.

एक उणीव नोंदविली पाहिजे. संपूर्ण दैवतकथा प्रारंभीच उलगडल्यामुळे, बालक विनायकाला जे अंधारात चाचपडत कळावयाचे, ते प्रेक्षकाला अगोदरच ठाऊक होते. गूढाचा काही अंश येथे विनाकारण खर्ची पडतो.

परंतु शेवट ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. १९४७ साली शापग्रस्त झालेला पिता सोन्याची थैली पुढे करतो. पांडुरंग ती नाकारतो, पित्याला तेच निद्रेचे शब्द ऐकवितो आणि त्याला अग्नी देतो. वारशात आलेल्या दोन गोष्टींपैकी सोने तो टाकतो, शब्द ठेवतो. लोभ पिढ्यांना बांधतो, तर कथा त्यांना सोडवू शकते, हे ज्या कृतीने एवढ्या संयमाने दाखविले, तिला केवळ भयपट म्हणून बाजूस सारणे हा समीक्षेचाच आळस ठरेल.