कागदाची भिंत

प्रवासवर्णनें पुष्कळ लिहिलीं जातात. परंतु लेखकाच्या पहिल्या समजुतीला पुढील अनुभवानें दिलेलें उत्तर ज्यांत शाबूत राहिलें आहे, अशीं थोडीं. इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीचा १८८० सालीं प्रसिद्ध झालेला ‘अन्‌बीटन ट्रॅक्स इन जपान’ हा पत्ररूप ग्रंथ त्यांपैकींच एक होय.

१८७८ च्या जूनमध्यें इतो नांवाचा दुभाष्या घेऊन बाई टोकियोहून उत्तरेकडे निघाली आणि पहिल्या रात्रीं कासुकाबे येथील पांथशाळेंत उतरली. अशा घरांना त्या वेळीं यादोया म्हणत. आज ऱ्योकान म्हणतात. खोलीला भिंती अशा नाहींतच. चौकटींवर ताणलेला कागद, तोहि ठिकठिकाणीं फाटलेला, आणि भोंकाभोंकाशीं एक डोळा! पिसवा, गोंगाट आणि भीति यांतच ती रात्र सरली.

पुढें निक्को येथें ती कानाया नांवाच्या गृहस्थाच्या घरीं राहिली. तेथेंहि कागदाचींच तावदानें. परंतु धास्ती निराळी. आपल्या हातून शाई सांडेल, चटईला खळगा पडेल, कागद फाटेल! कासुकाबे येथें पाहुणी घराला भीत होती. निक्को येथें ती स्वतःलाच भिऊं लागली. आमच्या मतें ग्रंथाचें मर्म या पालटांत आहे. कागद दोन्हीकडे सारखाच पातळ; पहिल्या ठिकाणीं बघ्यांच्या कुतूहलानें तो निरुपयोगी केला, दुसऱ्या ठिकाणीं यजमानानें व पाहुणीनें मिळून तो जपला. जपानी पांथशाळेंत एकांत भिंत देत नाहीं, माणसें देतात. जोडे दाराशीं काढणें, पाऊल हलकें टाकणें, आवाज आवरणें, यांनींच तो उभा राहतो. परदेशी उतारूनें घर पारखण्यापूर्वीं हें ओळखावें.

बाईचा प्रामाणिकपणा मात्र एका तळटीपेंत दिसतो. आपली भीति निराधार होती, पुढें बाराशें मैल आपण निर्धास्त हिंडलों, आणि स्त्रीला इतकी सुरक्षितता देणारा दुसरा देश नसावा, असें तिनें मागाहून नमूद केलें आहे. दुसऱ्या एखाद्यानें मूळ पत्रच सारवून टाकलें असतें. तिनें भीतीहि ठेविली आणि तिचें उत्तरहि.

उणीव एकच, पण लहान नव्हे. यजमानांचें बोलणें इतोच्या तोंडून गाळून येतें. भोंकापलीकडच्या डोळ्यांना ही पाहुणी कशी दिसली, हें विचारण्याचें बाईच्या मनांत येत नाहीं. पांथशाळेची अर्धीच हकीकत त्यामुळें आपल्या हातीं लागते; मात्र ती अर्धी खरी आहे.