निळ्या पाण्याचें वाङ्मय

ठाणें हें शहर एका बेटावर वसलेलें आहे, याची आठवण ठाणेकरांस क्वचितच होत असावी. साष्टी बेटाची पूर्वकड म्हणजे ठाणें. आगगाडी स्टेशन सोडून कळव्याकडे खाडीचा पूल ओलांडते तेव्हां ती बेट सोडून मुख्य भूमीवर उतरते. कल्याण-डोंबिवलीचा चाकरमान्या रोज सकाळीं मुख्य भूमीवरून बेटावर येतो व रात्रीं परत जातो. हा प्रवास जन्मभर करूनहि त्याचें वर्णन कोणी लिहीत नाहीं, आणि दाराच्या दांड्याला लोंबकळत असतां तें सुचावें अशी अपेक्षाहि करवत नाहीं. बेट या शब्दानें आमच्या मध्यम वर्गाच्या मनांत जें उभें राहतें तें निराळेंच: नारळींची रांग, पांढरी वाळू, नळी तोंडांत धरून पाण्यावर पालथें पडलेलें सारें कुटुंब, आणि चार रात्रींचा मुक्काम. असा प्रवास आतां पुष्कळांच्या आटोक्यांत आला आहे, व त्याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. त्या प्रवासावर जें लिहिलें जातें त्याबद्दल मात्र तितकासा वाटत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या भागांतील एका लहान ग्रंथालयाच्या प्रवासवर्णन-स्पर्धेचे आम्ही तिघे परीक्षक होतों. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. जेथें वाचनाची चाल इतकी जुनी, तेथील लेखांकडून आम्ही जरा चढी अपेक्षा धरली तर ती गैर म्हणतां येणार नाहीं. आलेल्या लेखांपैकीं निम्म्याहून अधिक लेख बेटांवरचे निघाले. त्यांतहि बहुतेक अंदमानचे, थोडे मालवणचे, एखाददुसरा लक्षद्वीपचा. ते वाचून झाल्यावर जें मनांत आलें तें येथें मांडीत आहों. लेख हौशी लेखकांचे आहेत हें आम्ही विसरलेलों नाहीं. पण छापील दिवाळी अंकांतून नामांकित लेखणींनीं लिहिलेलीं अशींच वर्णनें आम्ही वाचलीं आहेत, व दोहोंत फरक शोधावा लागतो.

अंदमानच्या लेखांस दोन आवाज आहेत. पहिला सेल्युलर तुरुंगाच्या दारांत निघतो. तेथें वाक्यें एकदम लांब होतात, क्रियापदें संस्कृत होतात, ऊर भरून येतो, डोळे पाणावतात. दुसरा आवाज दुसऱ्या दिवशीं बोटींतून स्वराज द्वीपावर उतरतांच ऐकूं येतो. तो प्रवासी कंपनीच्या रंगीत पत्रकाचा आवाज असतो. काल जो लेखक कोठडीपुढें नतमस्तक झाला, तो आज राधानगरच्या वाळूवर "स्वर्ग", "नंदनवन" आणि "अविस्मरणीय" या तीन शब्दांवर वेळ मारून नेतो. काल रडावें आणि आज पोहावें यांत आम्हांस कांहींच अनुचित दिसत नाहीं. तीर्थाला गेलेला माणूस तेथील बाजारांतून खेळणीं आणतोच. आक्षेप आहे तो इतकाच कीं, या दोन्ही आवाजांत लेखकानें कांहीं पाहिल्याची खूण सांपडत नाहीं. तुरुंगापुढचे अश्रू घरून नेलेले होते, आणि समुद्राचा निळा रंग पत्रकांतून घेतलेला.

एकच उदाहरण घेऊं. स्वराज द्वीपाचें पूर्वीचें नांव हॅवलॉक, शहीद द्वीपाचें नील. हीं नांवें २०१८ च्या अखेरीस बदललीं, एवढें बहुतेक लेखांत आहे. पण हॅवलॉक आणि नील हे १८५७ चा उठाव चिरडणारे सेनानी होते, आणि त्याच उठावांतील कैद्यांना ठेवण्यासाठीं १८५८ सालीं अंदमानांत वसाहत उघडली गेली. म्हणजे बंदिवानांच्या शेजारच्या बेटांना त्यांचा पाडाव करणाऱ्यांचीं नांवें चिकटलीं होतीं, ही गोष्ट एकाहि लेखांत नाहीं. जो मराठी वाचक विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' घरांत बाळगतो, त्याला तरी ती सुचावयास हवी होती. गोडसे भटजी निघाले दक्षिणेच्या आशेनें आणि सांपडले बंडांत. त्यांना कांहीं 'पाहावयाचें' नव्हतें, म्हणूनच कीं काय, त्यांनीं इतकें पाहिलें. आमचे आजचे प्रवासी केवळ पाहावयासच निघतात.

'माझी जन्मठेप' हा ग्रंथ या साऱ्या लेखांचा कुलदैवत आहे. त्याचें नांव नाहीं असा लेख विरळा. पण कुलदैवताची पोथी उघडून कोणी बसलेलें दिसलें नाहीं. १९११ च्या जुलैंत सावरकरांस त्या तुरुंगांत आणलें व १९२१ त तेथून हलविलें. पुस्तक १९२७ चें. तुरुंगाची बांधणीच अशी कीं, मध्यें मनोरा, त्याभोंवतीं सात लांब इमारती, आणि प्रत्येक कोठडीचें तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदीहि दिसूं नये. (या सातांपैकीं आज तीन उरल्या आहेत.) ज्या माणसाला अशा कोठडींत बेट दिसूं नये अशीच योजना होती, त्याच्या पुस्तकांत माणसांची केवढी दाटी आहे पाहा! निरनिराळ्या प्रांतांचे कैदी, त्यांच्यांतलेच बढती मिळालेले वॉर्डर आणि जमादार, त्यांचे हेवेदावे, कोलू, काथ्या, भाषांची खिचडी, बाहेरच्या वसाहतींत सुटलेल्या कैद्यांचे संसार. लेखकाच्या मतांशीं जुळो वा न जुळो, एक समाज डोळ्यांपुढें उभा राहतो. आणि ज्यांना सारें बेट मोकळें होतें, मोटार होती, बोट होती, त्यांच्या लेखांत माणूस म्हणून एक आचारी आहे. तो "हंसतमुख" आहे.

आमचे शेजारी निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. यांतले दोन-तीन लेख आम्ही त्यांस सहज वाचून दाखविले. शांतपणें ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, सगळें झकास आहे. पण तेथें राहतं कोण?" टीकाशास्त्रावरील ग्रंथ आम्ही तीस वर्षें शिकवीत आहों, पण या लेखांची इतकी नेमकी परीक्षा आम्हांस साधली नसती. राहतं कोण याचें उत्तर दडलेलें नव्हतें. स्वराज द्वीपावरील बहुतेक गांवें फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या निर्वासितांनीं १९५० नंतरच्या दशकांत वसविलेलीं आहेत; गोविंदनगर, विजयनगर, राधानगर हीं नांवें तेंच सांगतात. राधानगरचा किनारा २००४ सालीं 'टाइम' नियतकालिकानें आशियांत उत्तम ठरविला, हें सर्वांनीं लिहिलें. ही राधा तेथें कोणाबरोबर आली, हें कोणीहि विचारलें नाहीं. मासळीच्या कालवणाची तारीफ करणाऱ्यासहि तें बंगाली हातचें आहे एवढें कळलें, पुढें नाहीं.

आतां पाण्याखालीं जाऊं, कारण आमच्या लेखकांची सर्वांत मोठी फजिती तेथें झाली आहे. स्नॉर्केलिंग हा प्रकार खरें पाहतां लेखकास वरदान ठरावा. बोलणें बंद, हालचाल मंद, आणि पाहण्यावांचून दुसरें काम नाहीं. अशी सक्तीची एकाग्रता आम्हां प्राध्यापकांस वर्गांत कधीं मिळवितां आली नाहीं. पण पाण्यांतून वर आलेला लेखक सांगतो काय? "रंगीबेरंगी मासे" आणि "निसर्गाची किमया". एका लेखकानें मात्र जरा निराळें लिहिलें: त्याला पाण्याखालीं "संगमरवराचें शुभ्र उद्यान" दिसलें. उपमा चांगली म्हणून आमच्या एका सहपरीक्षकानें तिच्याखालीं रेघ ओढली. पण प्रवाळ हा दगड नव्हे, तो लहान लहान जीवांचा समूह आहे. त्यांच्या शरीरांत राहणारें सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न पुरवितें आणि बहुतांशीं त्यांचा रंगहि त्याचाच. समुद्र नेहमींपेक्षां फार दिवस तापला कीं हें शेवाळ बाहेर टाकलें जातें, आणि उरतो तो पांढरा सांगाडा. पाणी लवकर निवलें तर प्रवाळ सांवरतो, नाहींतर मरतो. अंदमानांत १९९८, २०१० व २०१६ या सालीं असें घडलेलें आहे. तेव्हां आमच्या लेखकानें ज्याला संगमरवरी उद्यान म्हटलें तें बहुधा आजाऱ्यांचें दालन असावें. येथें चूक विज्ञानाची म्हणून सोडून देतां येत नाहीं. ती वाङ्मयाची चूक आहे. पांढरा म्हणजे शुद्ध, शुभ्र म्हणजे सुंदर, ही जी तयार भाषा घेऊन तो पाण्यांत उतरला, तिनें त्याला समोरचा आजार सौंदर्य म्हणून दाखविला. वांडूरजवळच्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेऊं देत नाहींत व रात्रीं राहूं देत नाहींत, याबद्दल दोघांनीं कुरकुर केली आहे. त्या कुरकुरीचें मूळहि याच अज्ञानांत आहे.

याहूनहि वाईट एक गोष्ट सांगावयाची आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारी मोटारींची रांग जारवांच्या राखीव अरण्यांतून जाते. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालू राहिली. २०१२ च्या आरंभीं प्रवाशांसाठीं जारवा स्त्रियांस नाचावयास लावल्याचें चित्रण प्रसिद्ध झालें व जगभर छी-थू झाली. असें असूनहि तीन लेखांत "आदिमानव दिसले" किंवा "दुर्दैवानें दिसले नाहींत" असें वाक्य आहे, जसें ताडोब्यांत वाघाविषयीं लिहावें तसें. हें वाचून आम्ही चरफडलों, पण चरफडण्याचा अधिकार आम्हांस पुरता नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच रस्त्यानें आम्हीहि गेलों होतों, आणि झाडींत कांहीं हललेंसें वाटतांच खिडकीशीं वांकलों होतों. आमचें कुटुंब शेजारीं बसलें होतें. तें म्हणालें, "अहो, काय एवढें पाहतां? आपल्या खिडकींत कोणी असें डोकावलेलें चालेल का तुम्हांला?" परत आल्यावर डोंबिवलींत त्या प्रवासावर आमचें व्याख्यान झालें. त्यांत तुरुंग होता, समुद्र होता, टाळ्याहि पडल्या. हा प्रसंग आम्ही गाळला होता. आज ज्या लेखांस आम्ही नांवें ठेवीत आहों त्यांचा नमुना कोणी आमच्या त्या व्याख्यानावरूनच उचलला नसेल अशी आशा आहे.

आमचे दुसरे सहपरीक्षक, वकील व मोठे रसिक, यांचें म्हणणें असें कीं, लोक वर्षभर गाड्यांत चेंगरून चार दिवस मोकळे होतात. त्यांच्याकडून इतिहास आणि जीवशास्त्र कसलें मागतां? हें म्हणणें आम्ही हंसून उडवूं शकलों नाहीं. सुटी घेणाऱ्याकडे आमचें कांहींच मागणें नाहीं. त्यानें वाळूंत खुशाल झोंपावें. पण लेख लिहावयास बसला कीं तो सुटीवर नसतो. त्याच्या लेखावरून पुढचें कुटुंब तेथें काय पाहावयाचें व काय नाहीं हें ठरवितें. आणि जास्त माहिती भरली म्हणजे लेख सुधारतो असेंहि नव्हे, हें ज्या एका लेखानें आम्हांस पटविलें त्याविषयीं आतां सांगतों.

हा लेख डोंबिवलीच्या एका शिक्षिकेचा, मालवणविषयीं. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ सालीं घातला, हें तिनें एका वाक्यांत उरकलें आहे. तिचें लक्ष लागलें तें किल्ल्यांतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींकडे. चहूंकडे खारें पाणी असतांना आंत गोडें पाणी, आणि त्याच्या भरंवशावर किल्ला व आजहि तेथें राहणारीं थोडीं कुटुंबें. बेटावर वस्ती व्हावयाची तर पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा, हें तिनें कोठेंहि न सांगतां दाखविलें आहे. तटाजवळ ती स्नॉर्केलिंगसाठीं पाण्यांत उतरली, तेव्हां भीतीनें प्रथम डोळेच मिटले, असें प्रांजळपणें लिहितें. वर आल्यावर तिनें होडीवाल्याला माशांचीं नांवें विचारलीं, आणि त्यानें तीं सांगितलीं: गोबरा, तांबोशी. "रंगीबेरंगी" हा शब्द लेखांत एकदांहि नाहीं. रात्रीं देवबागेंत, नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, निवास-न्याहारीच्या एका घरीं ती उतरली. घरधनी पूर्वीं रापणीवर जात असे, आतां पाहुणे ठेवतो. १९८७ सालीं मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें त्याविषयीं तो म्हणतो, मासे अभय झाले, आम्ही भयांत राहिलों. पण त्याच अभयारण्यांतील प्रवाळ पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांवर आज त्याचें घर चालतें, हेंहि तो कबूल करतो, आणि शिक्षिकाबाई या दोहोंत निवाडा करीत नाहींत. हा गुंता त्यांनीं आहे तसा ठेवला, याचें आम्हांस विशेष वाटलें. लेखांत दोष आहेत. शुद्धलेखन शिक्षिकेला न शोभणारें आहे, आणि शेवटीं पानभर सूर्यास्त आहे. तो इतर लेखांतल्या सूर्यास्तांहून एका किरणानेंहि निराळा नाहीं.

पहिलें बक्षीस संगमरवरी उद्यानाला मिळालें. आमचें मत दोनविरुद्ध एक पडलें. बाईंना उत्तेजनार्थ पारितोषिक आलें. हस्तलिखित परत घ्यावयास त्या आल्या तेव्हां समासांतील आमची खूण पाहून त्यांनीं विचारलें, "सर, हा सूर्यास्त काढून टाकूं का?"

"काढाच, बाई," आम्ही म्हणालों.

त्यांनीं पान उलटून पुन्हां एकदां वाचलें. "काढतें," त्या म्हणाल्या, "पण सर, तो खरोखरच झाला होता हो."